फटींचं दुकान

पाटीवर रंगाचं दुकान असं लिहिलेलं आहे, पण आमच्याकडे येणारं निम्मं गिऱ्हाईक रंगाबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला कुठली तरी फट बुजवायची असते. सुतार चौकटीच्या सांध्यासाठी लांबी मागतो. गॅरेजवाला पोचे काढलेल्या दरवाज्यासाठी एनसी पुट्टीचा डबा नेतो. मे महिन्याच्या शेवटी घरमालक मोबाइलवर स्लॅबच्या भेगेचा फोटो दाखवतात आणि "पाऊस यायच्या आत होईल ना?" असं मलाच विचारतात, जणू पाऊस मी पाठवतो. जूनमध्ये मासेमारी बंद झाली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून होडीवाले येतात. आषाढ लागला की गणपतीच्या शाळांतली, म्हणजे मूर्ती घडवतात तिथली, मुलं ब्रश आणि पॉलिश पेपर न्यायला येतात. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढलं की शेवटचं गिऱ्हाईक मी स्वतः. मला प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद आहे, आणि त्या नादात विमान जोडण्यापेक्षा त्याच्या फटी बुजवण्यातच जास्त वेळ जातो.

घरी आई याला अजून "ह्याची खेळणी" म्हणते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण वाचकांना सांगतो. ही मोजून-मापून केलेली प्रतिकृती असते. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले सुटे भाग येतात. ते तोडायचे, साफ करायचे, चिकटवायचे, रंगवायचे. विमानांसाठी जगभर सर्वांत रुळलेलं प्रमाण १:७२. हे इंग्लंडमधून आलं, म्हणून आकडा आपल्याला विचित्र वाटतो: खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतला एक इंच. १९३०च्या दशकात तिथे लाकडी आणि मग प्लास्टिकच्या प्रतिकृती याच मापात निघाल्या आणि ते माप टिकलं.

सध्या टेबलावर आहे ते 'सी हॉक'. आपल्या नौदलाचं हे विमान जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडायचं. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले केले ते याच विमानांनी. खरं विमान सुमारे १२ मीटर लांब, म्हणजे माझं १७ सेंटीमीटरलाही थोडं कमी. ज्यांना खरं पाहायचं असेल त्यांनी गोव्यात वास्कोजवळ नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे तिथे जावं. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने मडगाव गाठता येतं. सी हॉकच्या नाकात हवा घेणारं तोंड नाही. ती तोंडं दोन्ही पंखांच्या मुळाशी आहेत आणि जळका वायू बाहेर पडायच्या नळ्याही तिथेच, मागच्या बाजूला. म्हणजे पंख धडाला भेटतो त्या जागी सगळी भानगड. आणि फट पडायची ती नेमकी तिथेच.

फट पडली म्हणून काय झालं, असं कोणी विचारेल. साधा गुणाकार करू. पंखाच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, म्हणजे नखाच्या जाडीएवढी. तिला ७२ ने गुणा. खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर होते. पंख आणि धड यांच्यामध्ये दोन बोटं जातील असं विमान कोणता वैमानिक उडवेल? रंग कितीही सुरेख द्या, बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल.

या फटी येतात कशा, तेही सांगायला हवं. पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक वितळवून, दाबाने पोलादी साच्यात भरतात. निवताना ते अगदी किंचित आकसतं. जाड भाग जास्त आकसतो, पातळ कमी, त्यामुळे जाड जागी खळगा पडतो. साच्यातून तुकडा बाहेर ढकलायला ज्या खिळ्या असतात, त्यांचे गोल ठसे उमटतात. साचा जुना झाला की कडा बोथट होतात. शिवाय धड डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांतच येतं, त्यामुळे नाकापासून शेपटीपर्यंत शिवण ठरलेलीच. आणि खऱ्या विमानाला तशी शिवण नसते.

आता दुकानदार म्हणून नुकसानीचं बोलतो: पहिलं औषध पुट्टी नव्हे. गोंद न लावता भाग एकमेकांना लावून बघा. चिकटपट्टीने बांधा, खिडकीकडे धरा, आत टॉर्च टाका. उजेड जिथून येतो तिथे फट. मग ती का आहे ते शोधा. बहुतेक वेळा चौकटीपासून तोडलेल्या जागी एखादं टोक राहिलेलं असतं, किंवा आतली खुंटी वाकडी बसते. ते टोक तासलं की निम्मी फट गेली. पंखाच्या मुळाशी तरीही राहिली तर धडाच्या आत, दोन अर्ध्यांच्या मध्ये, उरलेल्या चौकटीचा तुकडा आडवा ठोकून धड केसभर रुंद करायचं; पंख आपोआप टेकतो. किंवा एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत वरून पट्टी ताणून बांधायची आणि गोंद सुकेपर्यंत तशीच ठेवायची, म्हणजे पंख वर ओढले जाऊन वरची फट मिटते.

धडाच्या शिवणीला तर वेगळी पुट्टी लागूच नये. प्लास्टिकचा पातळ गोंद हा गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवणारा द्रव असतो. तो शिवणीवर ब्रशने नुसता टेकवला की आपणच आत पळतो. अर्धा मिनिट थांबून दोन्ही अर्धी हलकेच दाबली की मऊ झालेलं प्लास्टिक दोऱ्यासारखं बाहेर येतं. त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, जमलं तर तिसऱ्या, पात्याने खरवडून टाकायचं. खाली शिवण उरत नाही, कारण तिथे आता एकच प्लास्टिक आहे. यापेक्षा चांगला भराव माझ्या दुकानात विकत मिळत नाही.

एवढं करून जे उरतं, त्याच्यासाठी पुट्टी. आणि इथे माझं ठाम मत आहे, काउंटरमागे उभं राहून झालेलं. भराव कोणत्या कंपनीचा, किती महाग, परदेशी की देशी, यावर लोक वाद घालतात. विचारायचं ते एकच असतं: हा पदार्थ घट्ट होतो तो कशाने? त्यातलं काही उडून गेल्याने, की आतल्या आत काही घडल्याने? जो उडून घट्ट होतो तो आटणार. जो आतल्या आत जमतो तो आटत नाही.

हे मी शिकलो ते गणपतीच्या शाळेत. आमच्या आळीतल्या नानांची शाळा आहे. शाडूची मूर्ती साच्यात दाबून दोन भागांत काढतात आणि जोडतात, म्हणजे माझ्या विमानासारखीच कुशीतून शिवण जाते. वाळताना मातीतलं पाणी उडतं, माती आकसते आणि सोंडेच्या वळणाशी, दंडाच्या सांध्याशी बारीक भेग पडते. नवखा मुलगा त्या भेगेत ओली माती चेपतो, वरून सफाईने बोट फिरवतो आणि खूश होतो. दुसऱ्या दिवशी भेग पुन्हा तिथेच. नाना म्हणतात, "अरे, सुक्यावर ओलं बसत नाही. आधी मूर्तीला पाणी दाखव." कारण उघड आहे. मूर्ती आकसून झालेली असते. नवी माती अजून आकसायची असते. म्हणून भेगेच्या दोन्ही काठांना ओला ब्रश फिरवून ते पुन्हा मऊ करतात, मग ताकासारखी पातळ माती आत सोडतात, थोडी वाळू देतात, पुन्हा सोडतात. रुंद भेगेसाठी मातीत कागदाचा लगदा मिसळतात, म्हणजे तंतू माती धरून ठेवतात. पावसाळी हवेत हे वाळायला वेळ लागतो, शाळेत रात्रभर पंखे आणि दिवे चालू असतात.

एनसी पुट्टीचं अगदी हेच. गाडीच्या पत्र्यासाठी केलेली ही पुट्टी थिनर उडून वाळते. प्रतिकृतींसाठी ट्यूबमध्ये जी राखाडी पुट्टी मिळते तीही याच जातीची. एकदम जाड थर दिला तर वरची साय वाळते, आतला थिनर कोंडतो, आठवड्याने तो निघून गेला की रंगाखाली चर दिसू लागतो. शिवाय तेवढा वेळ तो थिनर खालचं प्लास्टिक मऊ करत बसतो. म्हणून पातळ थर, वाळू देणं, पुन्हा थर. बारीक ओरखडे आणि उथळ खळगे यांना ही पुट्टी उत्तम. खोल फटीला नव्हे.

खोल फटीला एम-सील. दोन वळ्या, समसमान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायच्या. यातलं काही उडत नाही. दोन्ही भागांची आपसांत रासायनिक क्रिया होऊन गोळा दगड होतो, त्यामुळे जेवढं भरलं तेवढं राहतं. आणि मऊ असेपर्यंत ओल्या बोटाने किंवा ओल्या काडीने हवा तसा गुळगुळीत करता येतो. नंतर घासण्याचं निम्मं काम वाचतं. दोष एकच. ते प्लास्टिकपेक्षा कठीण होतं. घासायला गेलात तर एम-सील तसंच राहतं आणि शेजारचं प्लास्टिक झिजतं. म्हणून ते ओलं असतानाच जागेवर आणायचं, घासण्याच्या भरवशावर ठेवायचं नाही.

फेविक्विक हे या दोघांपेक्षा गमतीचं प्रकरण. त्यातला मूळ पदार्थ १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती लागला. ते बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते; हे ज्याला त्याला चिकटायला लागलं म्हणून बाजूला टाकलं. १९५१ मध्ये पुन्हा समोर आलं तेव्हा त्यातला गुण ओळखला गेला आणि १९५८ पासून गोंद म्हणून विक्रीला आलं. हे घट्ट होतं ते हवेतल्या ओलाव्याने. म्हणजे रत्नागिरीचा जुलै त्याला मानवतो. रंगाला हीच हवा बाधते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंगावर पांढरी झाक चढते. पण फेविक्विक अशा हवेत झटपट धरतं. अर्थात उघडलेली ट्यूबही तेवढ्याच झटपट बंद होते, म्हणून पाच-दहा रुपयांच्या छोट्या ट्यूबच घ्याव्यात. मोठी बाटली घेणाऱ्याला मी परावृत्त करतो, माझा फायदा बाजूला ठेवून.

भरावासाठी फटीत खायच्या सोड्याची चिमूट टाकून वर एक थेंब सोडला की क्षणात जमतं, कारण सोडा अल्कधर्मी आणि अल्क लागलं की हा गोंद धावतच घट्ट होतो. पण तो गोळा फार कडक होतो. सोड्याऐवजी अंगाला लावायची पावडर मिसळली तर जमायला वेळ लागतो आणि घासायला सोपं जातं. मी तेच करतो. आणि घासायचं ते तास-दोन तासांत. उद्यावर टाकलं तर एम-सीलचीच गत.

विमानाच्या काचेजवळ मात्र फेविक्विक न्यायचंच नाही. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते आणि ती निघत नाही. हीच वाफ बोटांच्या ठशांवर बसते, म्हणून १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पोलिसांच्या प्रयोगशाळा ठसे उमटवायला ती वापरतात. काचेच्या फटीला साधं फेव्हिकॉल. काडीने भरायचं, ओल्या कापसाने पुसायचं, संपलं. ते पाणी उडून वाळतं, म्हणजे आटतं, पण तेवढ्या बारीक फटीत ते खपतं. आणि तिथे घासायची सोय नसते.

आमच्या धंद्यातली जुनी लांबी उडून घट्ट होणारे आणि आतल्या आत जमणारे, या दोन्ही गटांत बसत नाही. खडूची पूड आणि जवसाचं तेल. जवसाचं तेल उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. म्हणून लांबी आटत नाही, पण तिला दिवस लागतात. सुतार अजून तिच्यावर विश्वास ठेवतात, आणि बरोबर ठेवतात. प्लास्टिकला ती निरुपयोगी.

होडीची गोष्ट आणखी निराळी. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढतात आणि लाकडी होडीच्या फळ्यांमधली जुनी भर उकरून काढून नवी घालतात: कापसाचा पीळ छिनी-हातोडीने ठोकायचा आणि वरून राळ-तेलाचं मिश्रण. एका तांडेलाला मी एकदा विचारलं, चाचा, एम-सील का नाही भरत? ते हसले. "लाकूड पाण्यात फुगतं रे. फट कडक भरलीस तर फळी जाणार कुठे? खिळे उचलतील." तिथे भराव मऊच हवा, पाण्यात गेल्यावर लाकूड फुगून फट स्वतःच आवळतं. अठराव्या शतकात सुरतेस आलेल्या स्टाव्होरिनस या डच दर्यावर्द्याने लिहून ठेवलं आहे की तिथले कारागीर फळ्या नुसत्या काठाला काठ लावून ठेवत नाहीत, खाचा पाडून एकमेकींत बसवतात. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये वाडिया मंडळींनी बांधलेलं सागवानी 'त्रिंकोमाली' जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे. जुळणी आधी, भरणी मागाहून, हे त्या लोकांना आपल्याआधी ठाऊक होतं. आता बऱ्याच होड्यांना वरून फायबर चढतं, आणि नव्या तर फायबरच्याच येतात.

परत टेबलाकडे. सी हॉकच्या उजव्या पंखाच्या मुळाशी भर घातली आहे. आता घासणं, आणि या नादातला खरा कस तिथे लागतो. भरणं कोणालाही जमतं. आधी भरावाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, म्हणजे शेजारचे कोरलेले बारीक खिळे आणि रेषा वाचतात. मग वॉटर पेपर, आणि तो बोटावर गुंडाळून नव्हे. बोट मऊ, पुट्टी प्लास्टिकपेक्षा मऊ. बोटाने दाबलं की पुट्टीच जास्त झिजते आणि मध्ये खोलगट होतं. सपाट जागी पेपर खोडरबरावर गुंडाळतो, गोलाईला पेन्सिलीवर. पाण्यात भिजवून, त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. ४०० नंबरने सुरुवात, पण लगेच ६०० वर यायचं, मग १०००, शेवटी १५००. ४०० चे ओरखडे ६०० ने पूर्ण गेल्याशिवाय १००० हातात घ्यायचा नाही. घाई करणारा इथेच पकडला जातो. मधेमधे पुसून डोळे मिटायचे आणि जोडावरून नख आडवं ओढायचं. डोळ्याला न दिसणारी पायरी नखाला लागते.

एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. राखाडी प्रायमरचा अगदी पातळ फवारा मारायचा. भरावाचा हिरवा-पांढरा-राखाडी असा चट्टेरी रंग जोपर्यंत असतो तोपर्यंत डोळा फसतो. सगळं एकरंगी झालं की राहिलेली सगळी भोकं आणि चर उभे राहतात. खिडकीतून तिरका उजेड येईल असं धरून बघायचं. चर दिसला की पुन्हा पुट्टी, पुन्हा पेपर, पुन्हा प्रायमर. याला शॉर्टकट नाही आणि मला तो हवाही नाही.

घासताना पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेषाही पुसल्या जातात. त्या परत काढाव्या लागतात. जाड चिकटपट्टी पट्टीसारखी लावायची आणि शिवणाची सुई दांडीत धरून हलक्या हाताने ओढायची, अनेकदा, दाब न देता. इथे एम-सीलवर सुई घसरते आणि पुट्टीचे कपचे उडतात. ज्या जागी रेषा जाणार असेल तिथे म्हणून मी चौकटीचेच तुकडे थिनरमध्ये विरघळवून केलेला घोल भरतो. तो बेसुमार आटतो, वाळायला दिवसच्या दिवस घेतो, पण वाळल्यावर तो प्लास्टिकच असतो; सुईला फरक कळत नाही.

आणि गंमत अशी की खऱ्या विमानांनाही हे सोपस्कार झालेले आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन मस्टँगच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले पत्र्यांचे जोड आणि खिळे पुट्टीने भरून, घासून, रंगवून काढत. त्यामुळे मस्टँगची प्रतिकृती करणारा जाणकार उलटं काम करतो: खोक्यातल्या पंखावर सुबक कोरलेल्या रेषा तो मुद्दाम बुजवतो. चाळीसएक टक्के पंख असा कोरा झाला की समजायचं, याने वाचून काम केलं आहे.

कोणाला हा नाद लावून घ्यायचा असेल तर पहिल्या विमानासाठी परदेशी पुट्टी मागवू नका. एनसी पुट्टीचा लहानात लहान डबा, एम-सीलची एक जोडी, फेविक्विकच्या दोन ट्यूब, ४०० ते १५०० पर्यंतचे वॉटर पेपर आणि एक खोडरबर, एवढं कुठल्याही गावातल्या रंगाच्या दुकानात मिळतं. पुट्टी पुसायला ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ते पॉलिस्टायरीन खातं. थिनरचं काम खिडकी उघडी ठेवून करा, मुलं जवळ असतील तर करूच नका, आणि पेपर नेहमी ओलाच चालवा. कोरड्या पुट्टीची धूळ छातीत जाते.